फोटोत माझं कोपर

मिरजेच्या स्टेशनबाहेर, चहाच्या गाड्यावर
अजून कुणीतरी तो विषय काढतं:
"एकट्या पोरीनं चषक आणला राव.
बाकीच्या चौघी आपल्या आकडा भरायला."
मी ग्लासात साखर हलवत राहते.
मला कोण ओळखणार, वीस वर्षांनी,
गळ्यात वीज मंडळाचं ओळखपत्र घातलेली?

आकडा भरायला, हे खरंच आहे.
ग्लोरिया मिशन दवाखान्यातली रात्रपाळी संपवून यायची,
टाइम-आउटमध्ये उभ्या-उभ्या डुलायची.
विट्याची विजू कोष्टी डावा हात असा वापरायची
जणू शेजारणीकडून उसना आणलाय.
ललिता पळायची भरपूर,
बहुतेक वेळा चेंडू नसेल तिकडे.
आणि मी. मला उंची होती.
कोच म्हणायचे, "तू खांब हो.
खांबाला डोकं लागत नाही."

मग नसीम. नसीम सतारमेकर.
तिच्या हाती चेंडू आला
की सपाट सिमेंटला उतार यायचा,
सगळं मैदान तिच्याकडे घरंगळायचं.
आम्ही कडेला सरकून बघायचो,
खेळाडू असून प्रेक्षक,
तिकीट न काढता आत आलेल्या.

अंतिम सामना सांगलीत. साखर कारखान्याचं रोख बक्षीस.
समोर मुंबईच्या पाच जणी, पाचही पगारी,
कार्यक्रमपत्रिकेत पाचींचे फोटो.
आमच्या पानावर एकच.
हाफ-टाइमला नसीमचे चोवीस गुण.
माझे दोन,
तेही पास द्यायला गेले तेव्हा आत पडलेले.

शेवटचे नऊ सेकंद. एका गुणानं मागे.
तिघी तिच्या अंगावर. मी मोकळी,
इतकी मोकळी की लाज वाटावी.
तिनं चेंडू दिला.
हे गाड्यावर कुणी सांगत नाही.
तिनं चेंडू मला दिला,
न बघता,
अंधारात घरातलं बटण सापडावं तसा.

मी टाकला.
रिंग. बोर्ड. रिंग. बाहेर.
कधीकधी रात्री त्याच आवाजानं जाग येते.

आणि ती तिथे होतीच, हवेत,
माझ्या चुकीखाली हात धरून.
शिट्टी वाजली तेव्हा चेंडू जाळीतून सुटत होता.

मी चुकणार, हे तिला ठाऊक होतं का?
की तिघींची तोंडं माझ्याकडे वळतील, हे?
कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर ती खरं बोलली असती.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो:
नसीम, चेंडू, वरचे दिवे.
डाव्या कडेला एक कोपर.
पुढची बाई कापलेली.

तिच्या अब्बांनी तो दुकानात लावला,
टांगलेल्या भोपळ्यांच्या खाली.
माझी समजूत घालायला म्हणाले,
"पोरी, तरफेच्या तारा कोण छेडतं?
पण त्यांच्याशिवाय सतार बोलते का?"
म्हटलं, "चाचा, गोड बोलू नका.
आमच्या तारा गंजलेल्या होत्या,
ती वाजली ती आमच्याशिवायच.
पण ते कोपर जरा जवळून बघा."

त्यांनी चष्मा पुसला. वाकले.
कोपराच्या टोकाशी मुंबईच्या सेंटरची बरगडी,
चांगली दोन बोटं आत गेलेली,
आणि तिचे पाय जमिनीला चिकटलेले,
नसीम उडते आहे त्याच क्षणी.
पंचांनी पाहिलं नव्हतं.
चाचा हसले, इतके हसले
की भुसा उडून दोघांना ठसका लागला.
"हे कुणाला सांगू नकोस," म्हणाले.

नाही सांगितलं.

गाड्यावर गर्दी वाढते. कोल्हापूरची गाडी लागलीय.
तो माणूस अजून सांगतोय: एकटी, एकटी, एकटी.
मी ग्लास ठेवते, पैसे देते,
आणि वाट काढताना
त्याच्या बरगडीला हलकंच लागतं माझं.

"सांभाळून, बाई," तो म्हणतो.